हूल

आमच्या वऱ्हाडात ‘हूल’ हा शब्द दोन जागी कानावर पडतो. कापसाच्या दिवसांत बाजारात भावाची हूल उठते. उद्या भाव पडणार असं कुणीतरी पिल्लू सोडून देतो आणि गरजू शेतकरी घाईघाईनं बंडी रिकामी करून मोकळा होतो. दुसरी जागा म्हणजे गावाबाहेरचं आखर. सकाळी तिथं गावची ढोरं जमायची, आणि सुगी आटोपली की चांदण्या रात्री तिथंच आट्यापाट्या रंगायच्या. बाजारातल्या हुलीनं माणूस नागवला जायचा, आखरावरच्या हुलीनं त्याचं नाव चार गावांत व्हायचं. मी जे लिहितो आहे ते या दुसऱ्या हुलीबद्दल. एका बाजूला जातो असं दाखवायचं आणि दुसऱ्या बाजूनं निसटायचं, एवढीच ती गोष्ट. पण एवढीशी गोष्ट शिकायला आमच्या गावातल्या पोरांचे तीन-तीन हंगाम जात. आणि पुढं हीच गोष्ट हँडबॉल नावाच्या परक्या खेळात नवी होऊन आमच्याच शाळेच्या मैदानावर परत आली.

आट्यापाट्यांना मैदान लागतं ते आखायलाच अर्धी संध्याकाळ जायची. आडव्या नऊ पाट्या, आणि त्या सगळ्यांना मधोमध छेदत जाणारी उभी सूरपाटी. पहिली ती कपाळपाटी, शेवटची ती लोणपाटी. आम्ही घागरीतून पाण्याची बारीक धार धरून रेघा ओढायचो आणि ओल्या रेघेवर चुलीतली राख भुरभुरायचो. चांदण्यात ती राख अशी काही उजळून दिसायची की बस्स! माप मात्र ज्याच्या त्याच्या पावलाचं. पुढं छापील नियम वाचायला मिळाले तेव्हा कळलं, की आडवी पाटी २३ फूट १ इंच लांब आणि फक्त १३ इंच रुंद असते, आणि सूरपाटी ८९ फूट १ इंच. हे विचित्र आकडे पाहून आधी हसू येतं. पण हिशेब करून पाहिला तर बरोबर बसतो. दर अकरा फुटांवर एक पाटी, अशी आठ अंतरं म्हणजे ८८ फूट, आणि त्यात पाटीची रुंदी १३ इंच मिळवली की ८९ फूट १ इंच. ज्यानं कुणी हे माप बसवलं त्याला वावर मोजायची सवय असावी.

या १३ इंचांतच सगळी गंमत आहे. पाटी धरणाऱ्यानं ती सोडायची नाही. त्याला डावीउजवीकडं हवं तेवढं पळता येतं, हात लांबवता येतो, पण पाय त्या पट्ट्यातच. पाटी फोडणाऱ्याला मात्र चौकात मोकळं रान. म्हणजे समोरचा आडवा धावतो आणि तुम्हाला उभं घुसायचं आहे. त्याला एका बाजूला हात-दोन हात जास्त धाववलं की दुसरी बाजू उघडी. नुसत्या वेगानं हे जमत नाही; कारण तोही तेवढाच पळतो. त्याला चुकीच्या बाजूला पळायला लावावं लागतं. भारत सरकारच्या कागदपत्रांतसुद्धा या खेळाची ओळख हुलकावण्यांचा खेळ अशीच दिलेली असते, ती उगीच नव्हे.

आमचा आजा तरुणपणी सूरपाटीवर उभा राहायचा. म्हातारपणी तो पारावर बसून आमच्या चुका काढायचा. त्याचं एक वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. “बाबू, त्याचे पाय नोको पाहू, कंबर पाह्य. पाय लबाड असतेत, हात लबाड असतेत, डोये तं अट्टल चोर. कंबर जिकडं जाते तिकडंच मानूस जाते.” हे तो पाटी धरणाऱ्याला सांगायचा. आणि पाटी फोडणाऱ्याला याच्या उलट, की कंबर अर्धी तरी जाऊ दे, नाही तर तो फसणार नाही. हूल खरी वाटायची असेल तर तिच्यात थोडा खरेपणा घालावा लागतो, हा त्याचा सिद्धांत होता. नवशिके पोरं खांदा हलवायची, मुंडी वळवायची, हातवारे करायची, आणि जुना पाटीवाला जागचा हलायचा नाही. तो नुसता हसायचा. मग पोरगं चिडून घुसायचं आणि पाठीवर थाप बसायची.

लोण या शब्दावर आजा एक गोष्ट सांगायचा. लोण म्हणजे मीठ, आपल्या लोणच्यात आहे तेच. मिठावर सरकारी पहारे असत आणि लोक पहारेकऱ्यांना चुकवून मीठ न्यायचे, त्यातून हा खेळ निघाला, असं त्याचं म्हणणं. नऊ चौक्या पार करून मीठ घेऊन परत आलात की लोण झालं. गोष्ट इतिहासाच्या परीक्षेत पास होईल की नाही कोण जाणे, पण आमच्या भागात ती लगेच पटायची. आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. १९३० साली वऱ्हाडातल्या लोकांना मिठाचा सत्याग्रह करायचा होता, समुद्र तर शेकडो मैल लांब; मग अकोल्याजवळच्या दहीहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला. त्यामुळे मीठ आणि पहारेकरी म्हटलं की आमच्या म्हाताऱ्यांना पुस्तकाची गरज पडत नसे.

सत्कार-समारंभात खेळाचा विषय निघाला की वक्ते हमखास गनिमी काव्यावर घसरतात. हूल म्हणजे शिवरायांची नीती, वगैरे. मला ते ऐकवत नाही. आखरावरच्या हुलीला एवढ्या मोठ्या आधाराची गरज नाही. मांजराची पिल्लंसुद्धा एकमेकांना हूल देतात.

मी मात्र वेगळ्याच गोष्टीचा विचार करत आलो. आपल्याकडच्या या धावपळीच्या खेळांत प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी कशानं तरी बांधून ठेवलेलं असतं, आणि त्या बांधण्यातून हूल जन्माला येते. आट्यापाट्यांत पाटीवाला पाटीला बांधलेला. खो-खोत पाठलाग करणारा दिशेला बांधलेला. त्यानं एकदा एका खांबाकडं तोंड केलं की खांबापर्यंत जाईतो त्याला मागं वळता येत नाही, आणि पळणारा मात्र बसलेल्यांच्या रांगेतून हवा तेव्हा आरपार निघतो. पाठलाग करणारा अगदी जवळ येईपर्यंत थांबायचं, डावीकडून निघतो असं दाखवायचं आणि बसलेल्याच्या पाठीमागून उजवीकडं सटकायचं. आणि हुतुतूत? तिथं चढाई करणारा श्वासाला बांधलेला. दम सुटला की संपलं. म्हणून हुतुतूची हूल आखूड असते, घाईची असते. एक पाय मध्यरेषेकडं ठेवून दुसऱ्यानं डिवचायचं, आणि कोपऱ्यातला माणूस पकडायला झेपावला की त्याच्या हातावरून निघून यायचं.

तुकोबांच्या गाथेत हुतुतू आहे, हमामा आहे, विटूदांडू आहे. म्हणजे हे खेळ जुनेच. पण नियम कागदावर येण्याची धावपळ विसाव्या शतकातली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बसवायला घेतले. त्याच १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तोच पुढं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी मास्तरांनी तिथं उन्हाळी वर्गात लाठी, लेझीम, मल्लखांब शिकून घेतला. हुतुतूचे तर प्रकारच वेगवेगळे. संजीवनीत बाद झालेला परत यायचा, गामिनीत बाद झाला तो शेवटपर्यंत बाहेर, अमरमध्ये बाद होऊनही मैदानातच आणि नुसते गुण मोजायचे. दोन गावं सामन्याला जमली की निम्मा वेळ कोणत्या नियमानं खेळायचं या भांडणात जायचा. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला, नाव कबड्डी ठरलं, आणि भांडणं कमी झाली. आखरावरची गंमतही थोडी कमी झाली, असं आजा म्हणायचा. पण म्हाताऱ्या माणसाला सगळंच कमी झालेलं दिसतं.

आता हँडबॉलकडं येतो. आणि त्यासाठी आधी १९३६ च्या बर्लिनला जावं लागेल. 

त्या वर्षीच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं आणि तिथं त्यांनी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. वऱ्हाडातल्या शाळांत ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते, आम्हीही ती ऐकतच मोठे झालो. पण कुणी आम्हाला हे सांगितलं नाही, की त्याच ऑलिंपिकमध्ये हँडबॉल पहिल्यांदा खेळला गेला. तेव्हाचा हँडबॉल म्हणजे फुटबॉलच्या मैदानावर अकरा-अकरा जणांचा खेळ. सहा देश उतरले होते. अंतिम सामना जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्यात भर पावसात झाला, लाखभर लोक बघायला होते, आणि जर्मनीनं तो १०-६ नं जिंकला. आमचे कबड्डीवाले आणि त्यांचे हँडबॉलवाले एकाच गावात, एकाच उन्हाळ्यात आपापली हूल दाखवत होते. पुढं ४६ वर्षांनी हे दोन खेळ पुन्हा एकाच गावात आले, ते दिल्लीत. १९८२ च्या आशियाई खेळांत हँडबॉलला पहिल्यांदा पदकं मिळाली आणि कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून दाखवली गेली. कबड्डीला पदक मिळायला १९९० चं बीजिंग उजाडावं लागलं.

हँडबॉलचं मूळ उत्तर युरोपातलं. डेन्मार्कमध्ये होल्गर नील्सन या शिक्षकानं १८९८ च्या सुमारास शाळेतल्या मुलांना हातानं चेंडू खेळायला लावला आणि १९०६ मध्ये नियम छापले. जर्मनीत १९१७ मध्ये माक्स हाइझर यांनी जो हँडबॉल आखला तो मुख्यतः मुलींसाठी होता. त्यात अंगाला अंग लावायला बंदी. दोन वर्षांनी कार्ल शेलेंत्स यांनी त्याच नियमांना हात घातला, चेंडू लहान केला, अंगाशी भिडायला परवानगी दिली आणि चेंडू घेऊन तीन पावलं टाकायची मुभा दिली. मला वाटतं, हँडबॉलमध्ये हूल शिरली ती या तीन पावलांतून. समोरचा अंगाशी भिडू शकतो, आणि तुमच्याकडं मोजून तीन पावलं आहेत. मग करणार काय? चकवणार.

पण मोठ्या मैदानावर चकवायची तेवढी गरज नव्हती, जागाच अफाट. उत्तरेकडच्या देशांत हिवाळा लांब, बाहेर बर्फ. म्हणून तिथं सात-सात जणांचा खेळ छपराखाली गेला. मैदान ४० मीटर लांब, २० मीटर रुंद. गोलाच्या पुढं सहा मीटरची रेघ, तिच्या आत गोलरक्षकाशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. त्या रेघेवर सहा जण हात पसरून भिंतीसारखे उभे. आता मात्र हूल देता आली नाही तर गोल नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हाच आतला हँडबॉल आला आणि युगोस्लाव्हियानं सुवर्णपदक नेलं. बायकांचा हँडबॉल १९७६ ला माँट्रियलमध्ये आला. आणि त्याच १९७२ साली आपल्या देशात हरियाणाच्या जगतसिंह चौहान यांच्या पुढाकारानं हँडबॉलची संघटना झाली आणि रोहतकला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. 

आमच्या शाळेत हा खेळ यायला आणखी चौदा-पंधरा वर्षं लागली. मी तोवर त्याच शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायला लागलो होतो. अमरावतीहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन एक तरुण सर आले. त्यांनी दोन चेंडू आणि बाभळीच्या बल्ल्यांचे गोलखांब एवढ्यावर खेळ सुरू केला. गावात कुणालाच काही कळेना. “फुटबॉल हातानं खेयते का सर?” असं सरपंचांनी विचारलं होतं. सर हसले, म्हणाले, “आट्यापाट्याच समजा दादा, फक्त हातात चेंडू.” ते सहज बोलून गेले, पण ते किती बरोबर होतं हे पुढं महिनाभरात दिसलं. सहा मीटरच्या रेघेवर उभा असलेला बचाव करणारा आमच्या पोरांना पाटीवाल्यासारखाच वाटला. मागं सरकायला त्याला जागा नाही, आडवं मात्र सरकता येतं. आखरावर वाढलेली पोरं त्याच्या कंबरेकडं बघायला लागली.

फरक एवढाच, की इथं बांधलेला होता चेंडूवाला. आट्यापाट्यांत पाटी फोडणाऱ्याला दहा वेळा मागंपुढं नाचता यायचं, इथं तीन पावलं आणि तीन सेकंद. आमच्या पोरांना सगळ्यात जड गेलं ते हे. हूल देण्यातच तीन पावलं संपायची, मग शिट्टी. तेव्हा सरांनी शाळेमागच्या गंजीतून पऱ्हाटीच्या काड्या आणल्या आणि मैदानात रोवल्या. एक काडी म्हणजे बचाव करणारा. तिच्यापासून दोन हातांवर पोरानं हवेत उडी घेऊन चेंडू झेलायचा आणि दोन्ही पायांवर उतरायचं. हवेत चेंडू पकडला की उतरतानाचा स्पर्श पावलात मोजत नाहीत. सर त्याला शून्य म्हणायचे. मग डावा पाय डावीकडं लांब, खांदा आणि नजर त्याच्याबरोबर. हे एक. त्याच डाव्या पायानं जमीन ढकलून अंग उजवीकडं न्यायचं आणि उजवा पाय काडीच्या पलीकडं टाकायचा. हे दोन. परत डावा, आणि त्याच पायावर उडी. तीन, आणि चेंडू गोलात. मैदानावर संध्याकाळभर एकच आवाज चालायचा, “शून्य, एक, दोन, तीन!” रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून विचारायच्या, शाळेत पाढे म्हणून राहिले काय?

सर पहिला आठवडा हे सगळं चालत-चालत करून घ्यायचे. वेग नंतर. पोरं कंटाळायची. पण हूल ही हळू केली तरच अंगात बसते, हे आजाही म्हणायचा. वेगात चूक दिसत नाही, नुसती घडत जाते. दुसऱ्या आठवड्यात काडीच्या जागी पोरगं उभं करायचे, हात मागं बांधून. तिसऱ्या आठवड्यात हात मोकळे. आणि मग एक बारकावा सांगायचे, जो मला फार आवडला: पहिलं पाऊल आणि दुसरं पाऊल यांचा ताल सारखा ठेवायचा नाही. पहिलं थोडं रेंगाळलेलं, दुसरं तुटून पडलेलं. समोरच्यानं आपलं वजन पहिल्या पावलावर टाकायला थोडा वेळ द्यायचा. तो वेळ दिला नाही तर हूल त्याला दिसतच नाही, मग तो फसणार कसा? आणि बचाव करणारा आधीच जागा घेऊन उभा असेल आणि तुम्ही त्याच्यावर आदळलात, तर चूक तुमची धरतात, चेंडू जातो. म्हणून काडीपासून दोन हात. तेवढ्या अंतरात वळता आलं पाहिजे.

सरांच्या त्या पहिल्या मुलींच्या चमूत माझी भाची होती. थोरल्या बहिणीची धाकटी. घरी आठवीनंतर शाळा बंद करायची भाषा चालू होती. मैदानावरून उशिरा येते, अर्धी विजार घालते, एवढी कारणं पुरेशी असत. तिच्या बापाला सरांनी समजावलं, की राज्यपातळीपर्यंत गेली तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात. गुण म्हटल्यावर जावईबापू गप्प बसले. ती होती किडकिडीत, उंची बेताची, फेकीत जोर नाही. पण हूल अशी द्यायची, की समोरची पोर अक्षरशः बसकण मारायची. तालुका झाला, जिल्हा झाला. विभागाच्या सामन्यांना आमच्या गावातून एक ट्रक भरून लोक गेले होते. ज्या मैदानावर सामने होते ते काळ्या मातीचं, उन्हानं भेगाळलेलं, वर मुरमाचा पातळ थर टाकून दाबलेला. असं मैदान फसवं. वरून टणक दिसतं, पाय रोवला की मुरूम सरकतो.

दुसऱ्या सामन्यात, जवळ कुणी नसताना, तिनं डावीकडं पाऊल टाकलं, उजवीकडं वळली आणि पडली. कुणाचा धक्का नाही, काही नाही. पाय जमिनीत रुतला आणि अंग वळलं. तिला स्वतःला गुडघ्यात ‘चट्’ असा आवाज ऐकू आला. संध्याकाळी गुडघा खरबुजाएवढा झाला. गावी आणल्यावर हाडवैद्यानं चोळून दिलं, मग तालुक्याच्या डॉक्टरांनी हाड मोडलेलं नाही म्हणून बरं वाटेल असं सांगितलं. चालायला लागली खरी. पण महिन्या-दोन महिन्यांनी विहिरीवर पाणी शेंदताना वळली आणि गुडघा आपोआप लचकला, जणू मधली कडीच निसटली. गुडघ्याच्या आत एक बंध असतो, तो तुटलेला होता. ते आम्हाला नागपूरला नेल्यावर दोन वर्षांनी कळलं. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून माझी बहीण खुर्चीवरून उठली ती सरळ दवाखान्याबाहेर आली. एसटी स्टँडवर म्हणाली, “पोरीच्या पायापायी वावर इकू काय रे?” मी काही बोललो नाही. वावर दोनच एकर होतं, आणि मागं आणखी दोघी लग्नाच्या होत्या.

हे मी लिहितो आहे, कारण हुलीच्या गौरवाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात आणि गुडघ्याची गोष्ट कुणी सांगत नाही. आट्यापाट्यांत आमच्या पिढीनं असे गुडघे फारसे पाहिले नव्हते. त्याचं एक कारण मला दिसतं. आम्ही अनवाणी असायचो. अनवाणी पाय राखेवर घसरतो, माती त्याला फार धरून ठेवत नाही, आणि चौकात वेग तरी किती घेणार? हँडबॉलच्या पोरी रबरी तळाचे बूट घालून चाळीस मीटर पळत येतात, हातात चेंडू, नजर गोलावर, आणि त्या वेगात पाय रोवून वळतात. सगळा भार एका गुडघ्यावर.

युरोपातही हेच दुखणं होतं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. नॉर्वे म्हणजे बायकांच्या हँडबॉलचं माहेरघर. तिथंही पोरींचे गुडघे असेच, कुणी हात न लावता, हूल देताना आणि उडीवरून उतरताना जात होते. तिथल्या संशोधकांनी १५ ते १७ वर्षांच्या १८३७ खेळाडूंवर एक प्रयोग केला आणि तो २००५ मध्ये छापून आला. १२० क्लबांपैकी निम्म्यांना सरावाआधी पंधरा-वीस मिनिटांचे ठरावीक व्यायाम दिले: एका पायावर तोल सांभाळणं, डुगडुगत्या फळीवर उभं राहणं, उडीवरून गुडघे वाकवून उतरणं, आणि हूल देताना गुडघा आत न पडू देता पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवणं. एका हंगामात गुडघ्या-घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्यात महागडं काही नाही. डुगडुगती फळी म्हणजे आमच्या भाषेत विटेवर ठेवलेलं पाटकूल.

भाची पुढं खेळली नाही. बारावी झाली, डीएड केलं, आणि आज जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत शिकवते. जिना उतरताना अजून कठड्याला हात लावते. शाळेत तिनं हँडबॉल सुरू केला तेव्हा तिची आई माझ्यावर भडकली, जणू मीच कान भरले. “एवढं होऊन बी अक्कल नाई आली तिले!” मागच्या दिवाळीनंतर मी तिच्याकडं आठ दिवस होतो. मैदानावर गेलो. सिमेंटच्या मैदानावर ती पोरींना वळू देत नाही. तिनं तहसील कचेरीत खेटे घालून शाळेमागचा एक तुकडा साफ करून घेतला आहे, त्यावर बारीक माती चाळून टाकलेली, रोज संध्याकाळी पाणी शिंपडलेलं. पऱ्हाटीच्या काड्या तिथंही रोवलेल्या होत्या.

पोरींचा पहिला पाऊण तास चेंडूच नव्हता. एका पायावर उभ्या राहून त्या एकमेकींना ढकलत होत्या आणि हसत होत्या. मग बाकावरून उडी मारून उतरणं. भाची बाजूला पायाची अढी न घालता सरळ बसलेली, हातात काठी, आणि कुणाचा गुडघा आत पडला की काठीनं जमिनीवर टकटक करायची. मग काड्यांकडं. पावलं आखूड, गुडघा वाकलेला, बूड खाली. लांब टांग टाकून केलेली हूल देखणी दिसते, पण तिनं ती बंद केली आहे. एका लांब पावलाच्या जागी दोन आखूड. त्यानं वेग थोडा जातो. “जाऊ द्या ना मामा,” ती म्हणाली, “समोरचीचाही जातोच की.”

एक सातवीतली पोरगी काडीशी आली, डावीकडं झुकली, आणि काडीकडं न बघता भाचीकडं बघून हसली. भाचीनं काठी आपटली. “तिच्याकडं बघ, माझ्याकडं काय बघतेस? कंबर बघ तिची.”

“मॅडम, काडीला कंबर कुठंय?”

पोरी खो-खो हसल्या. भाचीनं पाचवीतल्या एका पोरीला काडीच्या जागी उभं केलं आणि म्हणाली, चला, पुन्हा पहिल्यापासून, शून्य.